कॉम्प्युटर औषध ‘शोधतो’ म्हणजे नेमकं काय करतो?

‘कॉम्प्युटरने शोधलं अमुक आजारावर औषध’ अशा छापाची बातमी तुमच्या फोनवर अधूनमधून येतच असेल. कधी न्यूज ॲपमध्ये, कधी रीलमध्ये, कधी फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड होऊन. घरात आपल्यालाच ‘त्याला मोबाइलमधलं सगळं कळतं’ असं समजतात, त्यामुळे पुढचा प्रश्नही आपल्यालाच येतो: ‘हे खरंय का रे? मग काकांना सुरू करायचं का?’

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. कोणतं औषध घ्यावं हे मी सांगणार नाही. पण कॉम्प्युटर आत काय करतो, स्क्रीनवर येणाऱ्या आकड्याचा अर्थ काय आणि त्यावर किती भरवसा ठेवायचा, हे समजावता येईल. कारण आत जे चालतं ते आपल्या ओळखीचंच आहे: सर्च, स्कोअर आणि सॉर्टिंग. उदाहरण कोरोनाचं घेऊ. तो काळ आपण सगळ्यांनी पाहिलाय आणि त्यात कॉम्प्युटरची कमाल आणि मर्यादा दोन्ही दिसतात.

आधी विषाणूची कात्री बघू

बहुतेक गोळ्यांमध्ये एक मुख्य रेणू, म्हणजे मॉलिक्युल असतो. तो शरीरातल्या किंवा जंतूच्या एखाद्या प्रोटीनला जाऊन चिकटतो आणि त्याचं काम थांबवतो किंवा बदलतो. प्रोटीन म्हटलं की जिममधला पावडरचा डबा आठवतो, पण इथे प्रोटीन म्हणजे पेशीतलं छोटंसं यंत्र समजा. कुणी कापतं, कुणी जोडतं, कुणी सामान वाहून नेतं.

कोरोनाचा विषाणू पेशीत शिरला की आपल्याच पेशीकडून प्रोटीनची एक लांबलचक माळ बनवून घेतो. ती माळ तशीच राहिली तर त्याच्या काही कामाची नाही. ठरलेल्या जागी तिचे तुकडे पडले, तरच त्याला हवी ती यंत्रं सुटी होतात. हे कापण्याचं बरंचसं काम ‘मेन प्रोटीएज’ नावाचं एक प्रोटीन करतं. आपण त्याला कात्री म्हणू. ही कात्री माळेला निदान ११ ठिकाणी कापते. तिच्यात एक खाच आहे, माळ त्या खाचेत बसते आणि कापली जाते.

आता त्या खाचेत आधीच दुसरं काही अडकवून ठेवलं तर? कात्री बंद, विषाणूची वाढ बंद. शिवाय नेमकी अशाच जागी कापणारी कात्री माणसाच्या शरीरात सापडलेली नाही. म्हणजे हिला बंद करताना आपलंच एखादं यंत्र बंद पडण्याची भीती कमी.

कल्पना सोपी आहे. अडचण अशी की खाचेत बसणारा रेणू कोणता? औषधाच्या आकाराचे किती वेगवेगळे रेणू बनू शकतात याचा एक नेहमी सांगितला जाणारा अंदाज आहे: १ वर ६० शून्यं. हे सगळे बनवून बघणं पृथ्वीवर शक्यच नाही. लॅबमध्ये एक नवा रेणू बनवायचा, शुद्ध करायचा, तपासायचा तर दिवस-आठवडे जातात. म्हणून विचार आला की खरा रेणू बनवण्याआधी त्याची ट्रायल कॉम्प्युटरवरच घेऊन बघू.

खाचेचा नकाशा कुठून येतो?

कॉम्प्युटरला आधी ती खाच दिसायला हवी. त्यासाठी शास्त्रज्ञ प्रोटीनचे स्फटिक बनवतात, त्यांच्यावर एक्स-रे सोडतात आणि एक्स-रे कसे विखुरले त्यावरून प्रत्येक अणू कुठे आहे ते काढतात. अशा रचना ‘प्रोटीन डेटा बँक’ या १९७१ पासून चालू असलेल्या संग्रहात ठेवल्या जातात. तो सगळ्यांसाठी मोफत आहे. कोरोनाच्या कात्रीची रचना शांघायच्या शास्त्रज्ञांनी काढली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ती तिथे खुली झाली. जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली ती मार्चमध्ये. म्हणजे आपल्याकडे लॉकडाऊन लागण्याआधीच कात्रीचा नकाशा जगभरच्या लॅपटॉपवर पोहोचला होता.

ही फाइल साधी टेक्स्ट फाइल असते. एका ओळीत एक अणू, त्याचं नाव आणि त्याचे एक्स, वाय, झेड आकडे. कॉलेजात पायथन शिकणारा कुणीही ती वाचणारा प्रोग्रॅम लिहू शकेल.

ज्या प्रोटीनचा नकाशा अजून मोजलेलाच नाही, त्याचं काय? इथे एआय उपयोगी पडलं. डीपमाइंड कंपनीच्या अल्फाफोल्डने प्रोटीनच्या अक्षरमाळेवरून त्याचा आकार ओळखण्यात मोठी मजल मारली आणि २०२२ मध्ये २० कोटींहून जास्त प्रोटीन्सचे अंदाजे आकार खुले केले. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल अर्धं डेव्हिड बेकर यांना आणि अर्धं अल्फाफोल्डच्या डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना मिळालं. मात्र हा प्रोटीनच्या आकाराचा अंदाज आहे. त्यात बसणारं औषध शोधणं हे पुढचं, वेगळं काम.

रेणूही कॉम्प्युटरमध्ये सहज मावतो. तो एका ओळीत लिहिण्याची ‘स्माइल्स’ नावाची पद्धत आहे. त्या पद्धतीने ॲस्पिरिनचा अख्खा रेणू फक्त २१ अक्षरं-चिन्हांत बसतो. मोबाइलवर येणारा ओटीपीचा मेसेज याहून मोठा असतो.

डॉकिंग: रेणू खाचेत बसवून बघणे

आता आपल्याकडे खाच आहे आणि रेणू आहे. रेणू खाचेत कसा बसेल ते कॉम्प्युटरवर शोधण्याला ‘डॉकिंग’ म्हणतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या अर्विन कुन्ट्झ यांच्या गटाने १९८२ मध्ये यासाठीचा प्रोग्रॅम मांडला. म्हणजे ही कल्पना स्मार्टफोनपेक्षा बरीच जुनी आहे.

डॉकिंगचे दोन भाग असतात. पहिला सर्च. रेणू खाचेत सरकवायचा, फिरवायचा आणि त्यातले वळू शकणारे जोड वळवून बघायचे. समजा एका रेणूत असे ६ जोड आहेत आणि प्रत्येक जोड आपण ३० अंशांच्या टप्प्याने फिरवतोय. एका जोडाच्या १२ स्थिती, तर ६ जोडांच्या मिळून जवळपास ३० लाख. यात रेणू कुठे ठेवायचा आणि कोणत्या बाजूने ठेवायचा हे अजून धरलेलंच नाही. सगळं तपासत बसलो तर संपणार नाही. म्हणून प्रोग्रॅम हुशारीने अंदाज घेतो: एक स्थिती धरतो, जरा हलवतो, स्कोअर सुधारला तर तिथून पुढे जातो, मधूनच मुद्दाम मोठी उडी मारून दुसरीकडे बघतो. ऑप्टिमायझेशन शिकलेल्यांना हे लगेच ओळखू येईल.

दुसरा भाग स्कोअर. रेणू आणि खाच नीट लगटून बसले तर मार्क. एकमेकांत घुसले तर मार्क कापायचे. हायड्रोजन बंध जुळला तर बोनस. पाण्यापासून दूर पळणारा, तेलकट स्वभावाचा भाग खाचेतल्या तशाच भागाजवळ आला तर अजून बोनस. शेवटी एक आकडा येतो. तो किलोकॅलरी प्रति मोल या एककात असतो आणि जितका जास्त मायनसमध्ये, तितकी पकड चांगली असं मानतात.

हेच लाखो रेणूंसाठी करायचं, स्कोअरप्रमाणे यादी लावायची आणि वरचे रेणू लॅबमध्ये तपासायला पाठवायचे. याला म्हणतात व्हर्च्युअल स्क्रीनिंग. ‘कॉम्प्युटरने औषध शोधलं’ या बातमीमागे बरेचदा एवढंच झालेलं असतं.

यासाठीचं ‘ऑटोडॉक व्हिना’ नावाचं सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेत तयार झालं. ते मोफत आणि ओपन सोर्स आहे. मी ते माझ्या साध्या लॅपटॉपवर चालवलंय. एखादा छोटा रेणू असेल तर चहा होईपर्यंत उत्तर येतं. स्क्रीनवर खाचेत बसलेला रंगीत रेणू आणि शेजारी स्कोअर दिसला की आपण काहीतरी भारी शोधलं असं वाटतं. म्हणूनच पुढचा मुद्दा नीट वाचा.

हा स्कोअर म्हणजे ॲप्टिट्यूड टेस्ट

कॅम्पस प्लेसमेंटला पहिल्या फेरीत ॲप्टिट्यूड टेस्ट असते. हजार जण बसतात, शंभर पुढे जातात. टेस्टमध्ये पहिला आलेला पोरगा कंपनीत उत्तम काम करेल असं कुणी म्हणत नाही. हजार जणांच्या मुलाखती घेणं परवडत नाही म्हणून गर्दी कमी करायची, एवढाच तिचा उपयोग. डॉकिंगचं तसंच आहे.

हे मी हवेत बोलत नाही. व्हिना बनवणाऱ्यांनी आपल्या प्रोग्रॅमची सरासरी चूक स्वतःच मांडली होती: सुमारे २.८५ किलोकॅलरी प्रति मोल. हा आकडा छोटा दिसतो. पण शरीराच्या तापमानाला साधारण १.४ किलोकॅलरीचा फरक म्हणजे पकडीत दहापट फरक. म्हणजे २.८५ ची चूक जवळजवळ शंभरपट होते. त्यामुळे कुणी ‘आमच्या रेणूचा स्कोअर मायनस ९ आहे आणि बाजारातल्या औषधाचा मायनस ८, म्हणजे आमचा भारी’ असं म्हणालं, तर फक्त त्या आकड्यावरून तसं म्हणता येत नाही.

एवढी चूक का होते? कारण वेगासाठी प्रोग्रॅमला बऱ्याच गोष्टी सोप्या करून घ्याव्या लागतात. खरं प्रोटीन सतत थरथरत असतं, वळत असतं. डॉकिंगमध्ये ते बहुतेक वेळा दगडासारखं स्थिर धरतात. खऱ्या पेशीत सगळीकडे पाणी असतं आणि खाचेतलं पाणी बाजूला केल्याशिवाय रेणू आत शिरू शकत नाही. डॉकिंगमध्ये हे पाणी ढोबळमानाने धरतात किंवा धरतच नाहीत.

मग एवढा चुकणारा प्रोग्रॅम वापरायचा कशाला? कारण एका रेणूबद्दल तो चुकला तरी लाखोंच्या गर्दीत त्याने लावलेली यादी आंधळेपणाने निवडलेल्या यादीपेक्षा बरी निघू शकते. लॅबला ‘आधी कुणाला तपासू?’ याचं उत्तर हवं असतं आणि ते काम तो करतो.

जपानमधली गोळी: स्क्रीनपासून रुग्णापर्यंत

आता एक खरी घडलेली गोष्ट. जपानची शिओनोगी कंपनी आणि होक्काइडो विद्यापीठ यांनी कोरोनाच्या कात्रीसाठी औषध शोधायला घेतलं. त्यांनी कंपनीकडे आधीच असलेल्या रेणूंच्या संग्रहावर कॉम्प्युटरने डॉकिंग केलं. खाचेतल्या ठरावीक जागी जुळणारे रेणूच पुढे ठेवले आणि वरच्या ३०० रेणूंची लॅबमध्ये खरी तपासणी केली.

त्यातून हाती लागलेला रेणू कात्रीला अडवत होता, पण जेमतेम. औषध म्हणावं इतका तो जोरदार नव्हता. मग केमिस्ट मंडळींनी त्याचा एकेक भाग बदलायला सुरुवात केली. रेणू बदलायचा, कात्रीत बसवून बघायचा, परत बदलायचा. शेवटी तयार झालेला रेणू मूळ रेणूपेक्षा सहाशेपटीहून जास्त ताकदीचा निघाला. हेच एन्सिट्रेल्व्हिर. जपानमध्ये ‘झोकोव्हा’ या नावाने त्याला नोव्हेंबर २०२२ मध्ये तातडीची आणि मार्च २०२४ मध्ये नियमित मंजुरी मिळाली.

छान ना? पण गोष्टीचा उरलेला भाग बातमीच्या मथळ्यात मावत नाही. आशियातल्या मोठ्या चाचणीत या गोळीने पाच ठरावीक लक्षणं सुमारे एक दिवस लवकर गेली. पुढे लक्षणांची व्याख्या वेगळी ठेवून झालेल्या जागतिक चाचणीचा निकाल २०२४ मध्ये आला. तिथे लक्षणं जायला लागणाऱ्या वेळेत ठोस फरक सिद्ध झाला नाही. शिवाय सशांवरच्या अभ्यासात गर्भावर वाईट परिणाम दिसले, म्हणून जपानमध्ये ही गोळी गर्भवतींना देत नाहीत.

आता विचार करा. यातलं काय काय डॉकिंगच्या स्कोअरमध्ये दिसलं असतं? फक्त पहिली पायरी. सहाशेपट ताकद लॅबमधल्या मेहनतीने आली. गर्भाचा धोका प्राण्यांवरच्या चाचणीत कळला. आणि आजारी माणसाला किती आराम पडतो हे हजारो माणसांवरच्या चाचण्यांतच कळलं.

चिकटला म्हणजे औषध झालं, असं नाही

याच कात्रीवरचं दुसरं औषध जास्त प्रसिद्ध आहे: फायझरचं पॅक्सलोव्हिड. त्याची सुरुवात २००३ च्या सार्स साथीत झाली. तेव्हाच्या विषाणूची कात्री अडवणारा एक रेणू कंपनीने बनवला होता, पण साथ ओसरली आणि काम बाजूला पडलं. २०२० मध्ये तो पुन्हा बाहेर काढला. दोन्ही विषाणूंची कात्री सुमारे ९६ टक्के सारखी असल्यामुळे तो नव्या कात्रीतही बसत होता.

पण तो पोटातून रक्तात नीट पोहोचत नव्हता. म्हणजे सलाइनमधून देता आला असता, गोळी म्हणून नाही. आणि साथीच्या काळात घरी घेता येईल अशी गोळीच हवी होती. शास्त्रज्ञांनी कात्रीचा नकाशा समोर ठेवून रेणूत बदल केले आणि जुलै २०२० मध्ये निर्माट्रेल्व्हिर हा रेणू पहिल्यांदा तयार झाला. तरीही एक अडचण होतीच: आपलं यकृत तो भराभर तोडून टाकतं. म्हणून सोबत रिटोनाव्हिर हे एचआयव्हीसाठी बनलेलं जुनं औषध थोड्या प्रमाणात देतात. ते यकृताचा वेग कमी करतं. या दोघांची जोडी म्हणजे पॅक्सलोव्हिड. लस न घेतलेल्या, जास्त जोखमीच्या रुग्णांवरच्या चाचणीत लक्षणं सुरू झाल्यापासून तीन दिवसांत औषध दिलं, तर दवाखान्यात दाखल होण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण ८९ टक्क्यांनी कमी झालं. अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये त्याला तातडीची मंजुरी मिळाली.

म्हणजे औषधाला खाचेत बसण्याव्यतिरिक्त बऱ्याच परीक्षा द्याव्या लागतात. पोटात टिकायचं, रक्तात पोहोचायचं, यकृतातून वाचायचं, हृदयाला त्रास द्यायचा नाही, नंतर शरीराबाहेर पडायचं. यातल्या काही गोष्टींचाही कॉम्प्युटर अंदाज देतो. १९९७ मध्ये क्रिस्टोफर लिपिन्स्की आणि सहकाऱ्यांनी मांडलेला ‘रूल ऑफ फाइव्ह’ यासाठी आजही वापरतात. त्यातली एक अट अशी की गोळीतून द्यायच्या रेणूचं वजन शक्यतो ५०० च्या आत असावं. निर्माट्रेल्व्हिरचं वजन ४९९.५ आहे, अगदी काठावर. आणि एन्सिट्रेल्व्हिरचं ५३१.९, म्हणजे नियमाबाहेर, तरी ते गोळीच आहे. थोडक्यात, हे नियम दिशा दाखवतात, निकाल देत नाहीत.

मग जास्त ताकदीचा कॉम्प्युटर लावला तर?

लावतातच. डॉकिंगमधून वर आलेल्या थोड्या रेणूंसाठी ‘मॉलिक्युलर डायनॅमिक्स’ वापरतात. यात प्रोटीन, रेणू आणि भोवतालचं पाणी असे सगळे अणू घेऊन न्यूटनच्या नियमाने त्यांची हालचाल काढतात. व्हिडिओ गेममधलं फिजिक्स इंजिन आठवा, फक्त इथे बॉल आणि भिंतींऐवजी अणू आहेत. यातली एक ‘फ्रेम’ साधारण २ फेम्टोसेकंदांची असते. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची हालचाल बघायची तरी ५० कोटी फ्रेम मोजाव्या लागतात. म्हणूनच या कामाला गेमिंगसाठी बनलेले जीपीयू फार उपयोगी पडले.

यापुढची पायरी मशीन लर्निंग. आधीच्या प्रयोगांच्या डेटावरून नवा रेणू विषारी असेल का, पाण्यात विरघळेल का, याचा अंदाज मॉडेल देतं. काही मॉडेल्स नवे रेणू सुचवतातही. पण मॉडेल त्याने पाहिलेल्या डेटाइतकंच चांगलं. मानवी शरीर असं करेल की तसं, याचा पुरेसा डेटाच जिथे नाही, तिथे जीपीयू वाढवून उत्तर मिळत नाही. आजही माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या औषधांपैकी साधारण दहातली नऊ मंजुरीपर्यंत जात नाहीत.

आता हळदीकडे वळू

कोरोनाच्या काळात घराघरांत हळदीचं दूध आणि काढा सुरू होता. त्याच वेळी ‘हळदीतला कर्क्युमिन कोरोनाच्या प्रोटीनला चिकटतो, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं’ असे मेसेज फिरत होते. यात गंमत अशी की पहिला भाग पूर्ण खोटा नव्हता. कर्क्युमिन आणि इतर वनस्पतींमधल्या रेणूंचं कोरोनाच्या प्रोटीन्सवर डॉकिंग केलेले कितीतरी पेपर खरोखर छापून आले होते. ‘सिद्ध केलं’ हे मात्र मेसेजवाल्यांनी जोडलं. डॉकिंग काही सिद्ध करत नाही, हे आपण वर बघितलंच.

कर्क्युमिनच्या बाबतीत तर अजून एक भानगड आहे. केमिस्ट त्याला फसवणाऱ्या रेणूंमध्ये धरतात. लॅबमधल्या परखनळीतही तो अनेक चाचण्यांत ‘काम करतोय’ असं दाखवतो, पण त्यामागची कारणं वेगळीच असतात: तो अस्थिर आहे, भलत्याच गोष्टींशी रिॲक्ट होतो, स्वतः रंगीत आणि चमकणारा असल्यामुळे प्रकाश मोजणाऱ्या चाचण्यांत गोंधळ घालतो. शिवाय पोटातून रक्तात फारच कमी जातो. २०१७ मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने कर्क्युमिनवरच्या संशोधनाचा मोठा आढावा छापला. त्याच्या १२० हून जास्त चाचण्या झाल्या असूनही, डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही कोणाला काय दिलंय हे माहीत नसलेली एकही काटेकोर चाचणी यशस्वी झालेली नाही, असं त्यांनी लिहिलं.

याचा अर्थ हळद वाईट असा नाही. भाजीत घाला, दुधात घाला, सांगलीची घाला. प्रश्न तेव्हा येतो, जेव्हा कुणी स्क्रीनवरचा स्कोअर बघून डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करतं आणि तिच्या जागी हळदीची कॅप्सूल सुरू करतं. खरा धोका इथे आहे, आणि तो कॉम्प्युटरचा नाही. ॲप्टिट्यूड टेस्टच्या मार्कांना ऑफर लेटर समजल्याचा आहे.

पुढचा फॉरवर्ड आला की हे चार प्रश्न विचारा

१. हे कुठपर्यंत तपासलंय? फक्त कॉम्प्युटर, परखनळी, पेशी, प्राणी की माणसं? पायरी लिहिलेलीच नसेल तर ती खालचीच असण्याची शक्यता जास्त.

२. माणसांवर तपासलं असेल तर किती जणांवर, आणि तुलनेसाठी दुसरा गट होता का? ‘घेतलं आणि बरे झाले’ याला तुलना म्हणत नाहीत. सर्दी-तापातून बरेच जण काही न घेताही बरे होतात.

३. फायदा कशात झाला? लक्षणं एक दिवस लवकर गेली की जीव वाचले? दोन्ही फायदेच आहेत, पण एक नाहीत.

४. बातमीत ‘चिकटतो’, ‘आशादायक’, ‘संभाव्य’ असे शब्द आहेत आणि मथळ्यात ‘औषध सापडलं’ आहे का? तसं असेल तर बातमी पुन्हा एकदा सावकाश वाचा.

काका-काकूंना हे सगळं समजावत बसायची गरज नाही. ‘हे अजून कॉम्प्युटरवरच आहे, माणसांवर तपासलेलं नाही. तुमची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका,’ एवढं सांगितलं तरी काम झालं.

तुम्हाला यात उतरायचं असेल तर

हे वाचून काहींना वाटेल, मग यात दम नाही. उलट आहे. २०२० मध्ये एआयसीटीई आणि सीएसआयआर यांच्या पुढाकाराने आपल्या देशात ‘ड्रग डिस्कव्हरी हॅकेथॉन’ झाली. फार्मसी, बायोटेक, कॉम्प्युटर अशा वेगवेगळ्या शाखांच्या लोकांनी एकत्र काम करावं हीच त्यामागची कल्पना. कोड लिहिणाऱ्याला केमिस्ट्री येत नाही आणि केमिस्टला कोड येत नाही, ही दरी अजूनही आहे. दोन्हीकडचं थोडं थोडं येणाऱ्याला इथे भरपूर काम आहे.

सुरुवातीला पैसे लागत नाहीत. प्रोटीनची रचना प्रोटीन डेटा बँकेतून घ्या, रेणू पबकेम या मोफत संग्रहातून घ्या, ऑटोडॉक व्हिना इन्स्टॉल करा. पहिल्यांदा नवा रेणू घेऊ नका. ज्या प्रोटीनमध्ये औषध कसं बसतं हे आधीच माहीत आहे, तेच औषध बाहेर काढा, प्रोग्रॅमला परत बसवायला सांगा आणि ते मूळ जागी बसतंय का बघा. मग तोच प्रयोग साखरेच्या आणि कॅफिनच्या रेणूवर करा. स्कोअर त्यांनाही मिळेल. औषध नसलेल्या रेणूलाही कॉम्प्युटर स्कोअर देतोच, हे एकदा स्वतःच्या स्क्रीनवर बघितलंत की पुढच्या ‘औषध सापडलं’ मेसेजकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल.